पत्रा वाकवणाऱ्या मॅडम

आष्टीकडच्या एका गावात शाळेच्या बैठकीत मी शाळेची इमारत शंभरपट वाकवून दाखवली, आणि ती शंभरपट आहे हे सांगायला विसरलो.

कॉम्प्युटरवर दाखवली, एवढीच काय ती मेहेरबानी. खरी इमारत भूकंपात हलून हलून बोटभर हलते. पडद्यावर बोटभर हललेलं कुणाला दिसत नाही, म्हणून सॉफ्टवेअर ते हलणं फुगवून दाखवतं आणि किती फुगवलं तो आकडा कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकतं. नेमक्या त्याच कोपऱ्यात मी आमच्या कॉलेजचं बोधचिन्ह चिकटवलं होतं. जागा रिकामी दिसत होती म्हणून.

भूकंपात शाळा टिकावी म्हणून तिला आमच्या पोलादी भिंती बसवू द्या, हे पटवायची ती बैठक. बैठकीला संस्थेचे अध्यक्ष आबा होते, कापूसवाले सभासद होते, हेडमास्तर होते. मी बटण दाबलं. शाळा डावीकडे गेली, उजवीकडे गेली, कमरेत लचकली, वरचा मजला खालच्याला टाकून परतूरच्या रस्त्याला लागल्यासारखा झुकला आणि विचार बदलल्यासारखा परत आला. हेडमास्तरांनी नकळत खुर्चीचा हात धरला.

आबांनी शांतपणे विचारलं, "साहेब, हे तुमच्या भिंती बसवायच्या आधीचं हाय का नंतरचं?"

"नंतरचं," मी छाती काढून म्हणालो.

"असं." आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग आधीचंच बरं की. आज तरी उभी हाय."

सभासद उठले. भिंतींचा विषय तिथंच मिटला. माझ्या शेजारी मॅडम बसल्या होत्या. गेले कित्येक दिवस त्या ज्या एका होकारासाठी झटत होत्या, तो मी त्यांच्या डोळ्यांदेखत घालवला होता. त्यांनी काय करावं? बिस्कीट चहात बुडवलं, ते मऊ होऊन तुटून कपात पडेपर्यंत बघत राहिल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, आधी वाकलं, मंग तुटलं. चांगल्या घरचं बिस्कीट हाय."

अशा होत्या मॅडम. मी त्यांच्या हाताखाली एम.टेक. केलं, नंतर त्यांच्याच कॉलेजात नोकरीला लागलो, आणि आजही कुठं पत्रा दिसला की माझा अंगठा आपोआप वर येतो. तो रोग त्यांचा.

जुन्या जालन्यात त्यांच्या वडिलांचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान होतं. ठोकाठोकीच्या आवाजातच अभ्यास करून मॅडम इंजिनियर झाल्या, डॉक्टरेट झाल्या, पण पत्रा काही सुटला नाही. जगातली कुठलीही पत्र्याची वस्तू दिसली की त्या बरोबर मधोमध अंगठ्यानं दाबायच्या आणि मान कलती करून ऐकायच्या. एसटीची बाजू, पाण्याची टाकी, प्राचार्यांच्या नव्या गाडीचं दार. माझ्या बहिणीच्या लग्नाला घनसावंगीला आल्त्या, तर आहेर देऊन झाल्यावर सरळ रुखवताकडे गेल्या आणि तिथल्या लोखंडी कपाटाचं दार दाबलं. टक्क. नवरदेवाच्या आईचा चेहरा उतरला. मॅडमनी पुन्हा दाबलं, पुन्हा टक्क. मग खूश होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बिलकुल बराबर. जल्दी वाकतो." व्याही पंगत सोडून कपाटाभोवती गोळा झाले. बाबांनी त्या संध्याकाळी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेला कुठलंही गणित लागू पडत नाही.

त्यांचा विषय होता पोलादी शिअर वॉल. म्हणजे इमारतीच्या दोन खांबांमधे भक्कम लोखंडी चौकट, आणि त्या चौकटीत पातळ पोलादी पत्रा बसवलेला. भूकंप इमारतीला आडवं ढकलतो, ते ढकलणं या पत्र्यानं अंगावर घ्यायचं. आता खरा भूकंप काही मागवता येत नाही, म्हणून तो कॉम्प्युटरमधे आणायचा. त्या पद्धतीला फायनाइट एलिमेंट म्हणतात. पत्र्याचे बारीक बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन शेजारच्याला किती ओढतो याचं गणित मांडायचं, आणि सगळ्या चौकोनांचा आपसात समझोता होईपर्यंत चहा पीत बसायचं. समझोता झाला नाही तर गणित अर्ध्यात मोडतं. माझं बहुतेक मोडायचं. मॅडम कॉम्प्युटरला "मियाँ" म्हणायच्या. घरात उर्दू, वर्गात इंग्रजी आणि बाहेर जालन्याची मराठी बोलणाऱ्या मॅडम कॉम्प्युटरशी तिन्ही भाषांत बोलायच्या. "मान जाओ मियाँ. एवढं काय रुसायचं, चहा थंडा होऊन राह्यला."

माझ्यावर मात्र त्या एकाच शब्दानं काम भागवायच्या. "मंग?"

मी काहीही सांगितलं की मंग. ते सांगून झालं की त्याच्यापुढे मंग. तीन-चार मंग झाले की मला स्वतःलाच माझी चूक दिसायला लागायची, आणि शेवटचा मंग यायच्या आत मी वही मिटून उठायचो.

माझी पहिली भिंत मी त्यांना दाखवायला नेली तो दिवस मला आठवतो. मी कॉम्प्युटरमधे पत्रा उभा केला होता आणि त्याला ढकलत सुटलो होतो. कितीही ढकला, पत्रा वाकेना. असा पातळ पत्रा आणि असली ताकद, मला वाटलं, आपण काहीतरी अचाट शोधून काढलंय. घरी फोन करून सांगितलंही होतं.

"मॅडम, वाकतच नाही."

"मंग?"

"म्हणजे आपली भिंत अजिंक्य आहे."

"मंग?"

"मग... जगभर लावता येईल."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "पत्रा कसा काढलास?"

"सरळ. एकदम सपाट. एका केसाचा फरक नाही."

त्या स्कूटीवर मागे बसवून मला जुन्या जालन्यात घेऊन गेल्या. वडिलांच्या जागी आता त्यांचा भाऊ दुकान बघत होता, भाई म्हणायचे सगळे त्यांना. धान्याच्या आडतीतून वाट काढत आम्ही दुकानात शिरलो. मॅडम म्हणाल्या, "भाई, याला लोखंडी पट्टी द्या. याला सपाट पत्रा पायजे."

मी जेवायच्या वेळेपर्यंत एकेका पत्र्यावर पट्टी धरून वाकून वाकून बघत होतो. कुठं मधे पोट, कुठं कडेला लाट, कुठं वाहतुकीत बसलेला ठोसा. नवा कोरा पत्रासुद्धा किंचित फुगलेला. भाईंनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "जरा थांबा, हे साहेब माल तपासून राह्यले," तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं.

"मिळाला?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मंग तुझा कुठून आला? वरून?"

प्रकरण असं होतं की, गणितातल्या अगदी सपाट पत्र्याला कुठल्या बाजूला वाकावं तेच कळत नाही, म्हणून तो वाकतच नाही. त्याला आधी थोडीशी खोट द्यावी लागते. नखानं दाबल्यासारखी. मी दुसऱ्या दिवशी माझ्या पत्र्याला तशी खोट दिली, ढकललं, आणि माझी अजिंक्य भिंत चुरगळली. पडद्यावर तिरप्या लाटाच लाटा. मी डोकं धरून बसलो. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, पाहिलं, आणि शिपायाला हाक मारली, "अहो, पेढे आणा. ह्याचा पत्रा वाकला."

डिपार्टमेंटमधे पेढे वाटले गेले. कशाबद्दल म्हणून विचारणाऱ्यांना मला सांगावं लागलं की माझी भिंत पडली. ती पडलेली नव्हती हे मला स्वतःलाच तेव्हा नीट कळलं नव्हतं. मॅडमनी पडद्यावरच्या लाटांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वाकला म्हणजे हरला न्हाई रे. आत्ता कामाला लागला. बघ, ह्या लाटेच्या दिशेनं आता तो ताणला गेला. ओढणी दोन कोपऱ्यांत धरून ओढली की कशी तिरपी ताणते? तशी. आता ढकल." मी ढकललं. लाटा पडलेला पत्रा खरंच भार घेत होता.

त्यांच्या केबिनमधे पाहुण्यांसाठी खुर्ची नव्हती, सुंभानं विणलेली बाज होती. प्राचार्य आले तरी बाजेवर. मी एकदा मॉडेलमधले चौकटीचे खांब बारीक केले, पोलाद वाचवायला. मंग मंग झालं, पण मी हेका सोडेना. दोन दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं, हातात चहा दिला, "बस" म्हणाल्या. मी बाजेवर बसलो. त्यांनी बाजेची एक बाजू काढून तिथं कळकाची काठी बसवलेली होती. ताणलेला पत्रा बारीक खांबाला ओढतो तशी सुंभानं काठी आत ओढली, काठी वाकली, बाज मिटली, मी आत. चहा अंगावर. वरून आवाज आला, "मंग?"

"खांब जाड करतो," मी आतून म्हणालो.

असं ते सगळं होतं, पण पडद्यावर. मॅडमनी उभ्या आयुष्यात शेकडो भिंती कॉम्प्युटरमधे वाकवल्या होत्या, प्रबंध तपासले होते, आणि त्यांची स्वतःची एकही भिंत जगात कुठं उभी नव्हती. जालन्यासारख्या पोलादाच्या गावात राहून ही गत. त्या वर्षी उन्हाळ्यात त्या रिटायर होणार होत्या. बक्षीस समारंभाला म्हणून त्या आष्टीकडच्या त्या शाळेत गेल्त्या आणि तिथं त्यांनी पाहिलं की खालचा मजला नुसता खांबांवर आहे. सायकली, प्रार्थना, खिचडीची रांग, सगळं खांबांच्या मधे. वर मात्र विटांच्या भिंती, छत, आणि सगळे वर्ग. आडवं ढकललं तर धरायला खाली काहीच नाही. भाषणात त्या विद्यार्थ्यांना दोन शब्द सांगायच्या ऐवजी खांबांकडेच बघत होत्या म्हणे. नंतर आबांना म्हणाल्या, "लातूरकडं भूकंप झाला त्या पहाटे तुमच्याकडं भांडी वाजल्ती का?" आबा म्हणाले, "वाजल्ती." "मंग?" मॅडम म्हणाल्या. आबांवर पहिल्यांदाच मंगचा प्रयोग होत होता. ते बैठकीला तयार झाले. त्या बैठकीत मी काय केलं ते वर सांगितलंच आहे.

परतीच्या जीपमधे मी मॅडमच्या शेजारी चेपून बसलो होतो. माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडी होती. मी म्हणालो, "मॅडम, मी उद्या जाऊन समजावून सांगतो, शंभरपट म्हणजे काय ते."

"तू नको जाऊ."

"का?"

"त्यांनी शाळा नाचताना पाह्यली. आता सांगून फायदा न्हाई. दाखवलं त्याच्यावर दाखवणंच चालतं." त्या शेंगा फोडत होत्या. टरफल अंगठ्यानं मधोमध दाबून, अर्थात. "भाईला सांगते, एक भिंत बनव. खरी. आबांनी यायचं अन् स्वतःच्या हातानं ढकलायची."

"आणि नाही टिकली तर?"

"मंग बरं झालं की, शाळेत लावली न्हाई."

रविवारी त्या एकट्याच आष्टीकडं गेल्या. आबांशी काय बोलणं झालं माहीत नाही, पण आबांनी एक शब्द दिला. भिंत माझ्या डोळ्यांनी टिकलेली बघितली, तर शाळेचा खालचा मजला तुमचा. न्हाई तर पुन्हा विषय काढायचा न्हाई.

भाईंनी ट्रंकांबरोबर एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं शेडही काढलं होतं. तिथं जमिनीत गर्डर पुरून त्यावर चौकट उभी केली, चौकटीत पत्रा वेल्ड केला. चौकट माणसापेक्षा उंच, पत्रा पातळ. वर आडवा हायड्रॉलिक जॅक, त्याचा हातपंप, आणि किती जोर लागतोय ते दाखवणारी काट्याची तबकडी. माझं मॉडेल सांगत होतं, काटा अमुक जागी पोचला की भिंतीनं आपलं सगळं बळ लावलेलं असेल, आणि त्यानंतर ती ताणत राहील पण काटा खाली पडू देणार नाही. त्या जागी तबकडीच्या काचेवर मी बायकोची लाल टिकली चिकटवली. एवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला? बैठकीतली अब्रू भरून काढायची होती. मी खडू घेतला आणि पत्र्यावर कुठं लाटा येणार, त्या तिरप्या रेघा आधीच काढून ठेवल्या. डाव्या खालच्या कोपऱ्याकडून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे. ठळक. प्रत्येक रेघेला बाणसुद्धा.

आबा आले, सभासद आले. आबांनी रेघा पाहिल्या. "हे काय, साहेब?"

"पत्रा इथं वाकणार, आबा. आधीच सांगून ठेवतो."

"बघा हं," आबा म्हणाले आणि टोपी सावरून पंपाला भिडले.

काटा हलला. चौकट करकरली. आणि एकदम ट्रंकेवर कुणी उडी मारावी तसा धडाम आवाज झाला, सगळे मागे सरले, पत्र्यात लाटा उठल्या. सुंदर, एकसारख्या, तिरप्या. माझ्या प्रत्येक रेघेला काटकोनात कापत.

एक सभासद म्हणाला, "साहेबाचं चित्र एकीकडं, पत्रा दुसरीकडंच."

दुसऱ्यानं घड्याळ पाहिलं. "चला आबा, परतूरची बस भेटंल."

आबांनी पंपाचा दांडा सोडला. मला वाटलं, गणित चुकलं, खोट चुकीची दिली, चौकोन चुकले, जन्मच चुकला. आणि मागून मॅडमचा आवाज आला. चिडलेला नाही, घाईचा नाही. रोजचा.

"मंग?"

मी पत्र्याकडे पाहिलं. मग जॅककडे. जॅक उजव्या बाजूला होता. माझ्या मॉडेलमधे तो डावीकडे होता. सकाळी डाव्या बाजूला भाईंचा ट्रक उभा होता म्हणून पोरांनी जॅक उजवीकडे लावला, आणि मी खडू घेऊन बाण काढण्यात इतका रंगलो होतो की ते बघितलंच नाही. उलट्या बाजूनं ढकलल्यावर लाटाही उलट्याच येणार.

"आबा," मी म्हणालो, "भूकंप एकाच बाजूनं ढकलत नाही. जातो तसा परत येतो. आता तिकडून ढकला."

"आता ह्या वाकलेल्याला?"

"ह्यालाच."

ट्रक काढला, जॅक डावीकडे लावला, तोवर चहा झाला. तो चहा मी कसा प्यायलो ते मला आठवत नाही. वाकलेला पत्रा उलटा ढकलायचा, हे मॅडमनी पडद्यावर किती वेळा केलं असेल देव जाणे, पण त्या कप हातात धरून उभ्याच होत्या. त्यांचा कप भरलेलाच राहिला.

आबा पुन्हा पंपाला भिडले. आधीच्या लाटा हळूहळू विरल्या, पत्रा क्षणभर सपाट होतोय असं वाटलं, आणि मग पहिल्यापेक्षा मोठा धडाम. सगळ्या लाटा कूस बदलून माझ्या खडूच्या रेघांवर येऊन पडल्या. बाणांसकट. काटा चढत टिकलीपाशी आला आणि थांबला. आबा पंप मारत राहिले. चौकट कलत होती, एका कोपऱ्यात पत्र्याला बारीक चीर गेलेली दिसत होती, आणि काटा टिकलीला चिकटून होता. आबांच्या कपाळावर घाम आला. सदरा पाठीला चिकटला. एक सभासद बस विसरून म्हणाला, "द्या आबा, मी मारतो," त्यानंही मारून पाहिलं. काटा खाली यायला तयार नाही.

आबा धापा टाकत बाजूला आले. "मॅडम, आम्ही दमलो. हा दमंना."

मॅडम पत्र्याजवळ गेल्या. वाकलेल्या, चिरलेल्या, तरी उभ्या असलेल्या त्या पत्र्याच्या एका लाटेवर त्यांनी अंगठा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मग चष्मा काढून ओढणीच्या टोकानं पुसायला लागल्या. भाईंनी एक ट्रंक उलटी करून दिली, तिच्यावर बसल्या.

"काय झालं, मॅडम?" मी विचारलं.

"काही न्हाई रे. पडद्यावर आवाज नसतो." चष्मा परत डोळ्यांवर चढवत म्हणाल्या, "एवढ्या वर्षांच्या भिंती. एकीचाबी आवाज ऐकला न्हवता."

त्या उन्हाळ्यात मॅडम रिटायर झाल्या आणि त्याच सुट्टीत शाळेच्या खालच्या मजल्यावर भिंती बसल्या. सगळ्या खांबांमधे नाही, हिशेबानं ठरलेल्या जागी. सायकलींना आणि खिचडीच्या रांगेला वाट ठेवून. मुलांनी त्यांवर फुलपाखरं रंगवली आहेत. मॅडम अजूनही दर जूनमधे शाळा सुरू होताना जातात, प्रत्येक पत्रा मधोमध दाबतात, मान कलती करून ऐकतात. आता त्यांच्यामागे पोरांची रांग असते, सगळी अंगठा वर करून. पहिलीतली एक मुलगी दाबल्यावर स्वतःच म्हणते, "बराबर हाय."

यंदा मलाही बोलावलं होतं. हेडमास्तर म्हणाले, या भिंती भूकंपात काय करतात ते मुलांना समजेल असं सांगा. मुलं ओळीनं बसली होती, पुढे आबा आणि मॅडम खुर्च्यांवर. शेजारी फळा होता, फळ्याच्या कडेवर खडू होता. मी सवयीनं तो उचलला आणि इमारतीची चौकट काढायला वळलो.

मागून आबांचा आवाज आला. "खडू खाली ठेवा, साहेब. काय सांगायचं ते तोंडानं सांगा. अन् शंभरानं भागून सांगा."